परमिट रूमची गाणी : प्रकल्प नोंदी

२५ जुलै, शुक्रवार

काल गटारी झाली, आजपासनं श्रावण लागला, म्हणजे आण्णांच्या परमिट रूममधली गर्दी आता महिनाभर निम्म्यावर येणार आणि काम करायचं तर हीच वेळ. हॉटेल कोल्हापुरात शाहूपुरीतलं, जुनं, पुढं फॅमिली सेक्शन, आत परमिट रूम, साठ-सत्तर माणसं आरामात बसतील एवढी. आण्णांनी काम सांगितलं ते एका वाक्यात, "भावा, माणूस बसला की त्याला निवांत वाटलं पायजे, आत्ता दुसऱ्या पेगला कान किटतात आणि बिल मागतोय."

मी आजवर मंगल कार्यालयं आणि शाळांचे हॉल यांचंच साउंडचं काम केलं, परमिट रूमचं पहिल्यांदाच करतोय, पण खरं सांगायचं तर हे काम मला कित्येक वर्षांपासनं करायचं होतं. चांगली गाणी आणि सोबत एखादा ग्लास, समोर आपला माणूस, यापेक्षा बरी संध्याकाळ मला तरी माहीत नाही, आणि आपल्याकडं बहुतेक ठिकाणी तीच संध्याकाळ आवाजानं नासते.

आत्ता काय आहे ते लिहून ठेवतो. दोन कोपऱ्यांत दोन मोठे स्पीकर बॉक्स, पंधरा इंची, कुठल्यातरी बँडवाल्याकडनं जुने घेतलेले. गाणी वेटरच्या मोबाईलवरनं ब्लूटूथनं, त्यामुळं ऐन रंगात गझल चाललेली असताना मधेच डिटर्जंटची जाहिरात लागते. टीव्ही चालू, त्याचाही आवाज चालू. बॉक्सखालच्या टेबलावर कुणी बसत नाही आणि मागच्या भिंतीला काहीच कळत नाही, फक्त धबधब.

२८ जुलै, सोमवार

श्रावणी सोमवार, गिऱ्हाईक कमी, आज मोजमाप केलं. रिकाम्या खोलीत नुसते पंखे आणि किचनचा एक्झॉस्ट, तरी आवाजाचं मीटर पंचावन्न डेसिबलच्या आसपास. म्हणजे गाणं लावायच्या आधीच खोली बोलतीय. गाणी चालू केली आणि आठ-दहा टेबलं भरली की ऐंशीच्या वर. मग पोरं काय करतात, गप्पांचा आवाज वाढला म्हणून गाण्याचा वाढवतात, गाण्याचा वाढला की माणसं आणखी ओरडून बोलतात, की परत गाण्याचा वाढतो. असं रात्री अकरापर्यंत.

हे काही आपल्याच लोकांचं खूळ नाही, गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो आणि त्याला ते कळतसुद्धा नाही, एत्येन लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच कान-नाक-घशाच्या डॉक्टरनं १९११ मध्येच हे मांडलंय आणि आजही त्याला लोम्बार्ड इफेक्टच म्हणतात. आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे कुणीतरी एकानं आधी गप बसलं पायजे." बरोबर, आणि ते गाण्यानं बसायचं. गिऱ्हाइकाला कसं सांगणार.

मग दोन मोठे बॉक्स काढून छतात बारा छोटे स्पीकर लावायचे ठरवलं. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलनं पडतो, म्हणून दोनच बॉक्स असले की लांबच्याला ऐकू जावं यासाठी जवळच्याला बडवावं लागतं. स्पीकर जास्त आणि प्रत्येकाचा आवाज कमी, की सगळ्या टेबलांवर सारखंच ऐकू येतं. खर्च वाढतो, आण्णा तयार झाले.

३१ जुलै, गुरुवार

आज रफीसाहेबांची पुण्यतिथी, १९८० ची. सकाळपासनं मोबाईलवर सगळ्यांचे फोटो. त्यामुळं आजच वेटर पोरांना कामाला लावलं, बिलासोबत केओटीची (किचनला ऑर्डर लिहून द्यायच्या पॅडची) एक कोरी चिठ्ठी द्यायची आणि विचारायचं, इथं बसल्यावर कुठलं गाणं ऐकायला आवडेल, एकच लिहा.

संध्याकाळी चिठ्ठ्या बघितल्या आणि मला जे आधीपासनं वाटत होतं ते पक्कं झालं. दारूवरची गाणी जवळपास कुणीच मागत नाही. आपल्याला वाटतं पिताना पिण्याचीच गाणी लागतात, लीडरमधलं (१९६४) 'मुझे दुनियावालों शराबी ना समझो' वगैरे, आणि ते गाणं भारीच आहे, नौशादांचं संगीत, शकील बदायुनींचे शब्द, रफीसाहेबांनी आवाजात जो हलका झोल दिलाय तो कॉपी करायला गेलं की नुसती नक्कल होते. पण गिऱ्हाइकानं मागितलं काय, तर 'दिन ढल जाए', 'अभी ना जाओ छोडकर', 'कहीं दूर जब दिन ढल जाए', 'चिंगारी कोई भडके'. संध्याकाळची गाणी, कुणीतरी जवळ नाही याची गाणी. पिणं त्यात आलं तरी ओघात.

आणि आवाजात झोल देणारे रफीसाहेब स्वतः दारूला शिवत नव्हते. पडद्यावर आयुष्यभर बेवडा रंगवणारे जॉनी वॉकर, आधी मुंबईत बेस्टमध्ये कंडक्टर होते, नाव पडलं व्हिस्कीवरनं, तेही पीत नव्हते. उर्दूत शराबच्या शायरीसाठी सगळ्यात मोठं नाव रियाज खैराबादी, त्यांनीही कधी चाखली नाही असंच सांगतात. म्हणजे नशा गाण्यात आणायला आत कायतरी दुसरंच लागतं, दुःख म्हणा, ओढ म्हणा.

एक चिठ्ठी बाजूला काढून ठेवलीय. अक्षर थरथरतं, बॉलपेन दोनदा उमटलेलं नाही म्हणून परत गिरवलंय, आणि लिहिलंय फक्त "मुकेश. कुठलेही. हळू आवाजात." कोपऱ्यातल्या खिडकीच्या टेबलावर एक आजोबा बसतात, साखर कारखान्यातनं रिटायर झालेत, एक नाइंटी, एक प्लेट उकडलेली अंडी, तासभर. त्यांची. अख्ख्या प्रोजेक्टचं स्पेसिफिकेशन त्या चिठ्ठीत आहे असं मला वाटतं.

४ ऑगस्ट, सोमवार

किशोरदांचा वाढदिवस. आज यादीला हात घातला आणि किशोरची गाणी वेगळी काढायची ठरवली कारण त्यांच्याशिवाय परमिट रूम चालणारच नाही, पण कुठं लावायची याला अक्कल लागते. उडत्या चालीची लवकर, सात-साडेसातला, जेव्हा लोक कामावरनं येतात, हात धुतात, मसाला पापड आणि खारे शेंगदाणे सांगतात आणि दिवसभराचं ओकून टाकतात. तेव्हा 'ये शाम मस्तानी' एकदम बरोबर. पंचमच्या, म्हणजे आर. डी. बर्मनच्या, गाण्यांत ताल असा असतो की माणूस ऐकत नसला तरी बोट टेबलावर चालतं.

मात्र 'मंजिलें अपनी जगह हैं' ला उशिरा ठेवलं. शराबी (१९८४) पिक्चरमधलं, बप्पी लाहिरींचं संगीत, किशोरदांना त्याचं फिल्मफेअर मिळालं आणि त्या वर्षी गायकाच्या बक्षिसाची चारही नॉमिनेशन त्याच पिक्चरमधल्या किशोरच्याच गाण्यांना होती. हे गाणं साडेसातला लावलं तर वाया जातं. साडेदहाला लावलं तर बोलणारं टेबल एकदम थांबतं.

म्हणजे यादी आवडीनं करायची नाहीच, घड्याळानं करायची. चार भाग ठरवले. यायची वेळ, गप्पांची वेळ, शांत वेळ, आणि लास्ट ऑर्डरनंतरची.

टीव्हीचं: आवाज बंद, चित्र चालू. मॅच असेल त्या दिवशी उलट, कॉमेंट्री चालू, गाणी बंद. दोन्ही एकत्र कधीच नाही. आण्णांनी हे मान्य केलं, वेटर पोरं जरा नाराज आहेत.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आजचं काम कंटाळवाणं आहे पण यावर सगळं अवलंबून. साठ-सत्तरच्या दशकातली रेकॉर्डिंग हळू, मोनो, त्यात बेस जवळजवळ नाहीच, आणि नव्वदनंतरची गाणी प्रत्येक पाच-दहा वर्षांनी आणखी मोठ्यानं मास्टर केलेली. एकामागून एक लावली की मुकेशनंतर येणारं नवं गाणं कानात वाजतं, वेटर पळत येऊन आवाज कमी करतो आणि पुढचं जुनं गाणं ऐकूच येत नाही. तर सगळ्या फाइल एकाच पातळीवर आणल्या, उणे चौदा एलयूएफएस (गाणं कानाला किती मोठं वाटतं त्याचं माप), म्हणजे मोठ्या स्ट्रीमिंगवाल्यांनी जो आकडा धरलाय तोच. आता व्हॉल्यूमचं बटण संध्याकाळभर हलवायला लागणार नाही.

दुसरी गोष्ट इक्वलायझरची, म्हणजे आवाजाचे पट्टे वेगवेगळे वर-खाली करायची. माणसाचं बोलणं समजतं ते मुख्यतः दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, बरीचशी व्यंजनं तिथं असतात. त्या पट्ट्यात गाणं थोडं, दोन-तीन डेसिबल, खाली घेतलं की समोरच्याचं बोलणं वर येतं आणि गाणं गेल्यासारखं वाटत नाही. ऐंशी हर्ट्झच्या खालची धबधब कापून टाकली. परमिट रूमला छाती हलवणारा बेस कशाला पाहिजे, तो गणपतीच्या मिरवणुकीत आहेच.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

ड्राय डे, म्हणजे आमचा वायरिंगचा दिवस. सकाळी सातला शिडी लावली. दिवसभर छत उघडं.

सिस्टीम शंभर व्होल्ट लाइनची घेतली, शाळा आणि रेल्वे स्टेशनात असते तीच पद्धत, सगळ्या स्पीकरना एकच जोडवायर समांतर फिरवायची आणि प्रत्येक स्पीकरच्या मागं एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला तीन-चार टॅप, म्हणजे वायर जोडायच्या जागा, सहा वॉट, तीन वॉट, दीड वॉट. कुठल्या टेबलाला किती आवाज ते त्या टॅपवर ठरतं. मधल्या मोठ्या टेबलांवर तीन वॉट, कारण तिथं आठ-आठ जण बसतात आणि मुळातच आवाज करतात. काउंटरसमोर दीड. किचनच्या दाराशी सहा, नाहीतर एक्झॉस्ट सगळं खाऊन टाकतो.

खिडकीच्या कोपऱ्यातला स्पीकर मी स्वतः लावला. आधी दीड वॉटवर, मग तिथल्या खुर्चीत बसून मुकेश लावून बघितला, शब्द कळतात पण श्वास कळत नाही, परत शिडी, जाळी काढली, टॅप तीनवर, इक्वलायझर तसाच, परत खाली. आता 'कहीं दूर' सुरू होताना सुरुवातीचं संगीत संपून आवाज येतो ना, तो अगदी खांद्यामागनं आल्यासारखा येतो. आण्णा किचनमधनं बाहेर आले, उभ्या-उभ्या पूर्ण गाणं ऐकलं आणि परत आत गेले. तिथं वॉट कमी-जास्त करू नका म्हणून चिकटपट्टीवर लिहून आलो.

१७ ऑगस्ट, रविवार

गझल. यावर आमची खरी भांडणं झाली, म्हणजे आण्णा आणि मी. त्यांना संध्याकाळभर पंकज उधास पाहिजे. मी समजू शकतो, १९८० च्या दशकात या गल्लीतल्या प्रत्येक बारमध्ये त्यांच्या कॅसेट वाजल्यात, 'थोडी थोडी पिया करो', 'चांदी जैसा रंग', आणि 'चिट्ठी आई है' लागलं की आखातात पोरं गेलेले बाप रडायचे हे आण्णांनी स्वतः काउंटरवरनं बघितलंय. २०२४ च्या फेब्रुवारीत पंकज उधास गेले तेव्हा आण्णांनी दिवसभर दुसरं काही लावू दिलं नव्हतं म्हणे. त्यांच्या गझलेचं मोठेपण हे की उर्दू न कळणाऱ्या माणसालाही ती पहिल्या फटक्यात कळते, आणि त्यामुळंच ती गप्पांच्या वेळेला चालते. ती तिथं ठेवली, आण्णा खूश.

पण मेहदी हसन, गुलाम अली, बेगम अख्तर यांना आठ वाजता लावणं मला पटत नाही. 'रंजिश ही सही' यमन रागातली, शब्द अहमद फराज यांचे, मेहदी हसन एकाच ओळीवर परत परत येतात आणि दर वेळी तीच विनवणी वेगळी होते, ती ऐकायला समोरच्याचं तोंड बंद पाहिजे. मेहदी हसन जन्मले राजस्थानात, झुंझुनूकडच्या लुणा गावात, १९२७ मध्ये, फाळणीनंतर पाकिस्तानात गेले. त्यांच्या यमनात मला अजून इकडची वाळू ऐकू येते, आता हे कुणाला पटो न पटो.

गुलाम अलींची 'हंगामा है क्यूं बरपा' तेवढी अपवाद. अकबर इलाहाबादींचे शब्द, चेष्टेचा सूर, लोक स्वतः ओळ म्हणतात, म्हणून ती गप्पांच्या भागाच्या शेवटाला, जिथून शांत वेळ सुरू होते तिथं. दार उघडून देते ती.

जगजीत-चित्रा यांची 'द अनफर्गेटेबल्स' १९७६ ची. त्यात गिटार आहे, व्हायोलिन आहे, म्हणून रेडिओ ऐकून वाढलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही. 'बात निकलेगी तो' शांत वेळेत पहिली. संथ आहे, पण वजनदार नाही, आणि जगजीतसिंगांचा आवाज खालच्या पट्टीत असल्यामुळं बोलण्याच्या आड येत नाही. साउंडवाल्याच्या दृष्टीनं सांगतो, परमिट रूमसाठी यापेक्षा चांगला आवाज देवानं घडवलाच नाही.

एक इथलंच, सुरेश वाडकर आपल्या कोल्हापूरचे. गमन (१९७८) मधली 'सीने में जलन', शहरयार यांची गझल, जयदेव यांचं संगीत. मुंबईत टॅक्सी चालवणाऱ्या परगावच्या माणसाची ती गोष्ट. आमच्याकडं पुणे-मुंबईहून सुट्टीला आलेली पोरं बसतात त्यांना ही लागतेच, कुणी सांगायला नको.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

श्रावण उद्या संपतोय. गर्दी परत यायच्या आत मराठी भाग पूर्ण करायचा होता, आज झाला.

मराठी गाणी परमिट रूममध्ये लावतच नाहीत लोक, आणि याचं मला कायम वाईट वाटत आलंय. जणू मराठी म्हणजे सकाळचे अभंग आणि रात्रीची हिंदी. अरुण दातेंच्या आवाजातलं 'भातुकलीच्या खेळामधली' ऐका, मंगेश पाडगावकरांचे शब्द, यशवंत देवांची चाल, त्यात राजाराणीचा जो निरोप आहे तो कुठल्याही गझलेच्या तोडीचा. 'शुक्रतारा' सुद्धा, पण ते सगळ्यांना पाठ असल्यामुळं माणसं गाऊ लागतात, म्हणून ते गप्पांच्या वेळेत.

सुरेश भट तर या जागेसाठीच. 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या', लता मंगेशकर, हृदयनाथांचं संगीत, उंबरठा (१९८२). काल रात्री ट्रायल म्हणून साडेदहाला लावलं. मधल्या टेबलावर पाचजण जमिनीच्या वाटणीवरनं हमरीतुमरीवर आलेले, अगदी एक जण खुर्चीतनं उठलेला. गाणं लागलं तसा उठलेला उभाच राहिला, मग बसला, आणि त्यातला सगळ्यात थोरला म्हणाला, "आई हे लावायची रं, रेडिओला." भांडण तिथंच मिटलं असं नाही, पण आवाज उतरला आणि त्यांनी जेवण मागवलं, तांबडा-पांढरा.

लावणीचं जपून. सुलोचना चव्हाणांच्या आवाजातली 'फड सांभाळ' लागली की खोलीतली हवा बदलते, शिट्ट्या येतात, आणि पुढं फॅमिली सेक्शनमध्ये बायका-पोरं जेवत असतात. शनिवारी उशिरा, एक किंवा दोन. पिंजरातली (१९७२) जगदीश खेबुडकरांची घेतली, ते करवीरचे, हळदीचे. राम कदमांच्या त्या चालींत ढोलकीचा ठेका असा घट्ट बांधलाय की छोट्या स्पीकरवरही उडून जात नाही.

एकानं चिठ्ठीत नाट्यगीत मागितलंय, एकच प्यालामधलं 'कशि या त्यजू पदाला'. गडकरींचं हे नाटक १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं ते त्यांच्या निधनानंतर, पदं वि. सी. गुर्जरांनी लिहिली आणि सिंधू बालगंधर्वांनी केली. पण दारूनं घर कसं बसतं त्याचीच ती गोष्ट, सिंधूचं पद मी दारूच्या टेबलावर लावणार नाही. आण्णांनी एका शब्दानं विचारलं नाही का म्हणून, मान हलवली.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. मुकेश यांची पुण्यतिथीही आज, १९७६ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला दौऱ्यावर असताना गेले. आजोबा आले नाहीत, घरी गणपती. बाकी काही काम नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी, ड्राय डे. बाहेर मिरवणुकीचे बेस, काचा हलतायत, आत टेस्टिंग करणं अशक्य. अॅम्प्लिफायरला वेगळं अर्थिंग घेतलं, गुणगुण होती ती गेली. व्हॉल्यूमच्या बटणावर झाकण बसवून कुलूप लावलं, चावी आण्णांकडं. वेटर पोरांसाठी छोटं बटण वेगळं, त्यानं वर-खाली फक्त थोडंच होतं.

१४ सप्टेंबर, रविवार

पितृपंधरवडा, परत मंदी. कागदपत्रं केली. घरगुती सबस्क्रिप्शन हॉटेलात वाजवायला चालत नाही, कॉपीराइटच्या १९५७ च्या कायद्यानं सार्वजनिक ठिकाणी रेकॉर्ड वाजवायची तर परवाना लागतो, रेकॉर्डिंगचा वेगळा आणि गीतकार-संगीतकारांचा वेगळा. आण्णा आधी कुरकुरले, मग म्हणाले, "माझ्या बारला बी परमिट लागतं, गाण्याला का नको?" १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासनं महाराष्ट्रात पिणाऱ्यालाही परवाना काढावा लागतो, त्यामुळं या धंद्यातल्या माणसाला परमिटचं नवल नाही. आवाजाचंही बघितलं, व्यापारी भागात दिवसा पासष्ट आणि रात्री पंचावन्न डेसिबल ही मर्यादा, दार बंद ठेवलं की आमचं बाहेर ऐकूच जात नाही.

संध्याकाळी सावंतवाडीचे दोघं बसले होते, त्यांनी लोर्ना मागितली, गोव्याची कोकणी गायिका. माझ्याकडं होती! क्रिस पेरीची चाल, लोर्नाचा आवाज, 'बेबदो', कोकणीत बेवड्यावरचंच गाणं, आणि दारूवरचं असूनही मी यादीत घातलेल्या मोजक्या गाण्यांतलं एक, कारण त्यात ट्रम्पेट आणि आवाज असे अंगावर येतात की ऐकणाऱ्याला बसवत नाही. क्रिस आणि लोर्ना मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये गाजले, आणि त्याच गोव्याच्या वाजवणाऱ्यांनी आपल्या हिंदी गाण्यांना तो साज दिला. सॅबेस्टियन डिसूझा शंकर-जयकिशनचे अरेंजर, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडं प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि अमर अकबर अँथनीत (१९७७) गुरूचं नाव गाण्यात घातलं. कोल्हापुरात माणूस किशोरचं गाणं ऐकत पेग घेतो तेव्हा मागं व्हायोलिनचा जो ताफा उठतो त्यात अर्धा गोवा असतो. सावंतवाडीचे दोघं उठेपर्यंत लोर्नाची चार गाणी झाली, बिल देताना काउंटरवर येऊन हात मिळवून गेले.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, ड्राय डे. अॅम्प्लिफायरची पूजा केली, झेंडू, आपट्याची पानं. यादी शेवटची बघितली. यायची वेळ साडेसहा ते आठ, गप्पांची आठ ते दहा, शांत दहा ते अकरा, मग शेवटची.

शेवटच्या भागात काय ठेवायचं यावर बरेच दिवस घातले. लास्ट ऑर्डर झाल्यावर माणूस उठायला मागत नाही, आणि बहुतेक ठिकाणी दिवे लावून, खुर्च्या आपटून त्याला उठवतात. मला ते अपमानाचं वाटतं. तिथं शब्द नसलेलं ठेवलं, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, मग शिवकुमार शर्मांचं संतूर. शब्द थांबले की माणूस स्वतःच घड्याळ बघतो. गाडी चालवायची नाही, रिक्षा बोलवा, हे वेटर सांगतात तेही तेव्हाच नीट ऐकू जातं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

जगजीतसिंगांची पुण्यतिथी, २०११ ची. शांत वेळ आज पूर्ण त्यांचीच. सगळी टेबलं भरलेली, शुक्रवार, मटणाचा वार. मीटर लावून बसलो, साडेनऊला खोली बाहत्तरच्या वर गेली नाही. जुलैत इतकीच माणसं असताना ऐंशी ओलांडायची.

आण्णांनी हिशेब बघितला, म्हणाले टेबलं पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसतायत, जेवणाचं बिल वाढलंय, दारूचं जवळपास तेवढंच. मला हे ऐकून फार बरं वाटलं, कारण माणसाला जास्त पाजायला मी हे केलंच नव्हतं.

आजोबा साडेसातलाच आले. गप्पांच्या वेळेत मुकेश येतो तो पावणेनऊला, ते तोपर्यंत थांबत नाहीत, म्हणून पहिल्या भागात रोज एक मुकेश टाकला, साडेसात ते आठच्या मधे, रोज वेगळं. वेटरला सांगितलंय, ते नाही आले तरी लावायचं.

राहिलेली कामं: किचनच्या दाराशी असलेला स्पीकर तेलकट होतोय, त्याला जाळी बदलायची. दिवाळीनंतर यादीत नवीन गाणी, पोरांना विचारून, पंचविशीतल्या गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या वेगळ्या गोळा करायच्या. भीमराव पांचाळेंच्या मराठी गझला नीट रेकॉर्डिंगमध्ये मिळवायच्या. आण्णांच्या मेव्हण्याचं सांगलीला हॉटेल आहे, तो सोमवारी बघायला येतोय.